शेवटचा हप्ता पावतीवर

घरात काम काढायचं ठरलं की कंत्राटदार एक कागद आणून देतो. फरशी चौरस फुटाला किती, प्लास्टर किती, नळाचे पॉइंट किती, रंगाचे हात किती, सगळं ओळीओळीनं मांडलेलं असतं. आपण चष्मा पुसून बसतो आणि प्रत्येक ओळीवर घासाघीस करतो. कागदाच्या अगदी तळाशी मात्र एक ओळ असते, ‘तोडफोड व डेब्रिज उचलणे : लमसम’. तिथे कोणी थांबत नाही. तोवर चहा आलेला असतो आणि आपल्याला फरशीचा रंग ठरवायची घाई झालेली असते.

मी सांगतोय ते त्या तळच्या ओळीबद्दल. दिवाळीच्या आधी, लग्नकार्याच्या निमित्तानं किंवा मुलासाठी जास्तीची खोली काढायची म्हणून तुम्ही यंदा घरात हातोडा लावणार असाल, तर आगाऊ रक्कम देण्याआधी हे वाचा.

आधी वजन समजून घेऊ, कारण फसगत तिथूनच सुरू होते. साडेचार इंची विटांची, दोन्ही बाजूंना प्लास्टर असलेली, दहा फूट लांब आणि दहा फूट उंच भिंत पाडली की साधारण अडीच टन माल खाली पडतो. बिगारी तो सिमेंटच्या रिकाम्या गोणीत भरून जिन्यानं खाली नेणार. खांद्यावर पेलवेल अशा बेतानं भरली तर एका गोणीत पस्तीसेक किलो बसतात. म्हणजे एका भिंतीच्या सत्तर गोण्या झाल्या. जुन्या इमारतीतलं न्हाणीघर फोडलं तर फरशीच्या खाली फूटभर विटांच्या रोड्यांचा कोबा निघतो. पाच बाय सातच्या न्हाणीघरातून दीड टन कुठे गेला नाही. हॉलची फरशी खालच्या मसाल्यासकट उखडली तर दहा बाय दहाला टनभर धरा. आपण ज्याला ‘थोडंसं काम’ म्हणतो, त्यातून एका दोन खोल्यांच्या घरातून सात-आठ टन राडारोडा सहज निघतो. छोटा हत्ती टेम्पो कागदोपत्री पाऊण टनाच्या आसपास वाहतो. प्रत्यक्षात त्यात दुप्पट भरतात, तरीही पाचेक फेऱ्या होतातच.

या फेऱ्या कुठे जातात, हे लमसम या एका शब्दानं ठरतं. रक्कम ठरलेली आहे, तेव्हा टेम्पोवाला जितक्या जवळ गाडी रिकामी करील तितका त्याचा फायदा. महापालिकेची अधिकृत जागा वीस किलोमीटरवर असेल, तिथे वजनकाटा, रांग आणि शुल्क असेल, तर कोणता टेम्पोवाला तिकडे जाईल? तो रात्री अकरानंतर निघतो. नाल्याचा काठ, खाडीची कांदळवनं, टेकडीची मागची बाजू, नदीचं पात्र, गोव्यात एखादं खाजन, जिथे दिवा नाही तिथे गाडीचा मागचा फाळका उघडतो. त्याला शिव्या द्यायच्या आधी आपण त्याला भाव काय दिला होता ते आठवा.

पुण्यात २५ जुलै २०२४ च्या पहाटे खडकवासला धरणातून पाणी सोडलं गेलं आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घराघरांत घुसलं. माणसं अंथरुणातून उठली तेव्हा तळमजल्यावर कमरेएवढं पाणी होतं. त्यानंतर रहिवाशांनी बोट दाखवलं ते नदीपात्रात वर्षानुवर्षं टाकलेल्या भरावाकडे. पुराची कारणं अनेक असतात, सगळं खापर राडारोड्यावर फोडण्यात अर्थ नाही. पण पात्रात ट्रकभर माल पडला की तेवढ्या पाण्याची जागा जाते, हे समजायला अभियंता असावं लागत नाही. मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी नदी आपल्या शहरात आहे हे अनेकांना त्या दिवशी कळलं. तिचं पात्र आक्रसण्यात भरावाचा वाटा होता.

आणि समजा, टेम्पोवाला सज्जन निघाला आणि माल रीतसर कचरा डेपोवर गेला, तर? तरी प्रश्न सुटत नाही. भाजीपाल्याचा कचरा काही महिन्यांत कुजतो, बसतो, निम्म्याहून कमी होतो. विटा आणि काँक्रीट कुजत नाहीत आणि जळतही नाहीत, जेवढी जागा अडवली तेवढी कायमची. मुंबईचं देवनार १९२७ पासून कचरा पोटात घेतंय. मुलुंडचं मैदान २०१८ मध्ये भरून बंद झालं. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं शहरातल्या नव्या बांधकामांना परवानगी देणंच थांबवलं, कारण कचरा टाकायच्या जागांची अवस्था नियमांत बसत नव्हती. पुनर्विकासाला त्यातून सूट होती. दोन वर्षांनी, मार्च २०१८ मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं ही बंदी काही काळासाठी उठवली, ती राडारोडा ठरलेल्या जागीच टाकला पाहिजे या अटीवर. देशातल्या सगळ्यात महागड्या जमिनीवरची बांधकामं कचऱ्यापायी अडली होती, ही गोष्ट आपण फार लवकर विसरलो.

आता तुम्ही काय करायचं, त्याकडे येतो.

पहिली गोष्ट म्हणजे, फोडायलाच हवं का, हे विचारा. नुकताच ताबा मिळालेल्या एखाद्या नव्या इमारतीच्या दारात जाऊन बघा. खाली गोण्यांची थप्पी लागलेली असते आणि तीत कोऱ्या करकरीत टाइल्सचे तुकडे दिसतात. बिल्डरनं लावलेली टाइल कोणाचा पायही लागण्याआधी उखडली जाते, कारण ती आपल्या इंटिरियरवाल्याला पसंत नसते. त्या टाइलचे पैसे आपण फ्लॅटच्या किमतीत भरलेले असतात, उखडायचे वेगळे देतो, नवीचे आणखी वेगळे. मला हा प्रकार अजून कोणी नीट समजावून सांगू शकलेलं नाही. इमारत उभी राहत असतानाच बिल्डरला लेखी कळवा की माझ्या घरात टाइल लावू नका, मी आणून देतो, किंवा तीन नमुने दाखवा, मी निवडतो. काही ऐकतात, काही ऐकत नाहीत. पण विचारणारेच थोडे आहेत.

जुन्या घरात फरशी फक्त दिसायला वाईट झाली असेल तर जुनीवरच नवी टाइल चिकटवता येते. त्यासाठी वेगळा अ‍ॅडेसिव्ह मिळतो. आधी जुन्या फरशीवर लाकडी दांडा आपटत खोलीभर फिरा. जिथे पोकळ वाजेल तेवढीच फरशी काढून पुन्हा बसवून घ्या. दारांच्या झडपा खालून अर्धा-पाऊण इंच तासाव्या लागतील. चौरस मीटरला पंचवीसेक किलो वजन वाढतं, तेव्हा हे एकदाच करायचं, तिसरा थर चढवायचा नाही, आणि इमारत जर्जर असेल तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय पहिलाही नाही. न्हाणीघरात गळती असेल तर मात्र वरून मलमपट्टी करू नका, तिथे फोडणंच शहाणपणाचं.

फोडायचंच ठरलं, तर पहिल्या दिवशी घरात हातोडा येऊ देऊ नका. तो दिवस उतरवण्याचा. आमच्याकडची पद्धत उलटी आहे. घण घेऊन दोघं येतात आणि दुपारपर्यंत चौकट, वायर, नळ, वीट, आरसा सगळं एका ढिगात आडवं करतात. त्या ढिगाचं मग काही होत नाही. सागवानी चौकटीचंच घ्या. तिच्या दोन्ही उभ्या बाजूंना लोखंडी होल्डफास्ट असतात आणि ते भिंतीत रुतलेले असतात. चौकटीवर घण घातला की ती वरच्या सांध्यात फाटते आणि जळाऊ लाकूड होते. त्याऐवजी चौकट आणि भिंत यांच्या फटीतून हॅक्सॉचं पातं घालून होल्डफास्ट कापले की चौकट अख्खी बाहेर येते. एका चौकटीला फार तर अर्धा तास. बिजागरीच्या स्क्रूवर रंगाचे थर चढून खाच बुजलेली असते. ती जुन्या स्क्रूड्रायव्हरनं टोकरून साफ करायची, स्क्रूवर एक हलकी टिचकी मारायची, मग फिरवायचा. ओट्याचा कडप्पा उभ्या कडप्प्यांवर मसाल्यानं बसवलेला असतो. तो जोड कापला की वरची लादी चौघं मिळून उचलू शकतात आणि ती बाल्कनीत, अंगणात किंवा शेतातल्या घरात पुन्हा बसते. पाइपांतून तांब्याच्या वायरी ओढून घ्या. बीडाचे जुने पाइप, अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या, ग्रिल, नळ, सगळ्याला भंगारात भाव आहे. मजुरांना आधीच सांगितलं की भंगाराचे पैसे तुमचे, तर ते कसे जपून उतरवतात ते पाहाच.

हे कसब आपल्याकडे नवं नाही. पुण्यातले वाडे उतरवणारी मंडळी वरून सुरुवात करत. आधी मंगलोरी कौलं, मग वासे, मग तुळया, मग खांब, शेवटी जोत्याचा दगड. प्रत्येक गोष्टीला गिऱ्हाईक ठरलेलं असे. चुन्यात बांधलेली वीट हातोडीच्या हलक्या टोल्यानं साफ होते आणि दुसऱ्या भिंतीत जाते. सिमेंटमधली वीट तशी सुटत नाही, मसाल्याआधी वीटच फुटते. त्यामुळे आपल्या आजच्या घरांतून अख्ख्या विटा फारशा मिळणार नाहीत, पण चौकटी, खिडक्या, लाद्या, लोखंड मिळतं. मोठ्या इमारती पाडणारे कंत्राटदार तर इमारत पाडायचे पैसे घेण्याऐवजी अनेकदा बिल्डरलाच पैसे देतात, कारण आतल्या मालाची किंमत त्यांना ठाऊक असते. स्लॅबमधलं लोखंड भट्टीत पुन्हा वितळतं आणि सळई होऊन परत येतं. जालन्यात या भंगारावर अख्खा उद्योग उभा आहे. बिल्डरला जे कळतं ते आपल्यालाही कळायला हरकत नाही.

उतरवून झालं की उरतो तो खरा राडारोडा. त्याचे दोन ढीग ठेवा. एकात वीट, प्लास्टर, काँक्रीट, टाइल, दगड. हा सगळा पुन्हा वापरात येणारा माल. दुसऱ्यात पीओपीचं छत, जिप्समचे बोर्ड, थर्माकोल, रंगाचे डबे, ट्यूबलाइट, काचलोकर. यातली एक गोणीसुद्धा पहिल्या ढिगात जाता कामा नये. पीओपी दिसायला प्लास्टरसारखंच असतं, म्हणून हटकून मिसळलं जातं. पण जिप्सममधलं सल्फेट सिमेंटशी झगडतं. त्या मालापासून केलेलं काँक्रीट पुढे फुगतं आणि तडकतं. कचरा डेपोत ओल्या कचऱ्याच्या सोबत पडलं तर त्यातून सडक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू निघतो. खोलीभर पीओपी असेल तर आधी ते पाडा, भरून बाहेर काढा, झाडू मारा आणि मगच भिंतीला हात लावा.

तिसरी एक पिशवी दाराशी टांगा. मजुरांची जेवणं तिथेच होतात, चहाचे कप, वडापावचे कागद, गुटख्याच्या पुड्या सगळं हाताशी असलेल्या गोणीत जातं. कोणी मुद्दाम करत नाही, दुसरी जागा आपण दिलेली नसते.

जुन्या घरावर किंवा गच्चीवरच्या शेडवर सिमेंटचे राखाडी पन्हाळीचे पत्रे असतील तर फार सांभाळा. त्यांत बहुधा अ‍ॅस्बेस्टॉस असतं आणि त्याची धूळ फुप्फुसात गेली तर कित्येक वर्षांनी कर्करोग होऊ शकतो. पत्रे फोडू नका, करवतू नका. पाणी मारून ओले ठेवा, बोल्ट सोडवून अख्खे उतरवा, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून वेगळे ठेवा आणि प्रभाग कार्यालयात विचारा. महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे घातक कचऱ्याची सोय आहे, पण ती कारखान्यांच्या सवयीची. घरगुती चार पत्र्यांसाठी तुम्हाला दोन खेटे घालावे लागतील, हे आधीच सांगून ठेवतो. तरीही ते राडारोड्यात ढकलू नका.

आता पुन्हा त्या कागदाकडे येऊ. ‘लमसम’ खोडा आणि त्या जागी असं लिहून घ्या : ‘राडारोडा वेगळा करून महापालिकेच्या मान्यताप्राप्त केंद्रावर पोहोचवणे. दर प्रति टन. पैसे वजनकाट्याची पावती आणून दिल्यावर.’ आणि एकूण रकमेतला शेवटचा हप्ता त्या पावतीवर अडवून ठेवा. सगळा लेख विसरलात तरी चालेल, एवढं विसरू नका. उपदेशानं टेम्पो नाल्यावरून वळत नाही, अडकलेल्या पैशानं वळतो.

कंत्राटदार म्हणेल, “साहेब, कशाला टेन्शन घेता, आपला माणूस आहे.” त्याला म्हणा, माणूस तुझाच राहू दे, पावती केंद्राची आण. तो खर्च वाढवून सांगेल आणि तो खरोखरच वाढतो, त्यात खोटं काही नाही. अंतर आहे, शुल्क आहे. पण सहा-सात लाखांच्या कामात हे काही हजारांचं प्रकरण आहे, आणि तेवढे आपण नळाच्या तोट्या बदलताना विचार न करता घालवतो. ज्यांचं एकूण कामच पन्नास हजारांचं आहे त्यांना हा खर्च टोचतो, हे मला मान्य आहे. त्यांनी शेजारच्या घरांत विचारावं. इमारतीत दोघांची कामं एका महिन्यात काढली तर गाडी वाटून घेता येते.

मुंबईत महापालिकेची ‘डेब्रिज ऑन कॉल’ सेवा आहे. कळवलं की गाडी येते, टनाच्या हिशेबानं पैसे भरायचे. दहिसरला आणि शिळफाट्याजवळ डायघरला प्रक्रिया प्रकल्प आहेत, प्रत्येकाची क्षमता दिवसाला ६०० टन. पुण्यात वाघोलीला, पिंपरी-चिंचवडला मोशीत अशी केंद्रं आहेत. बाकी शहरांत क्षेत्रीय कार्यालयात जाऊन घनकचरा विभागात एवढंच विचारा, राडारोडा कुठे द्यायचा आणि दर काय? पहिल्या खिडकीवर उत्तर मिळालं नाही तर लेखी अर्ज देऊन पोच घ्या. लेखी अर्जाला उत्तर शोधावं लागतं.

कायदा तुमच्या बाजूनं आहे आणि तुमच्यावरही आहे. २०१६ च्या केंद्रीय नियमांनी प्रत्येकाला सांगितलं, की आपला राडारोडा आपल्या हद्दीत ठेवा, रस्त्यावर आणि गटारात टाकू नका, ठरलेलं शुल्क भरा. दिवसाला २० टन किंवा एका प्रकल्पातून महिन्याला ३०० टन काढणाऱ्यांना तर काँक्रीट, माती, लोखंड-लाकूड-प्लास्टिक आणि विटा-मसाला असे चार भाग वेगळे करायचे होते आणि त्याचा आराखडा आधी मंजूर करून घ्यायचा होता. २०२५ मध्ये नवे नियम अधिसूचित झाले, १ एप्रिल २०२६ पासून लागू. त्यात २० हजार चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्रकल्पांच्या निर्मात्यावर ठरावीक प्रमाणात पुनर्वापर करून दाखवायची जबाबदारी टाकली आहे.

पुनर्विकासाला निघालेल्या सोसायट्यांनी इथे जरा कान द्यावा. जुनी पक्की इमारत पाडली की चौरस मीटरला ५०० किलो राडारोडा, हा या क्षेत्रात वापरला जाणारा ढोबळ आकडा आहे. आरसीसीच्या इमारतीत प्रत्यक्षात त्याहून जास्तच निघतो. सोळा बिऱ्हाडांची, हजारेक चौरस मीटरची साधी चार मजली इमारतसुद्धा पाचशे टनांच्या घरात जाते. विकासकाशी करार करताना आपण जादा कार्पेट, भाडं, कॉर्पस यांवर रात्र रात्र भांडतो, पण पाडलेली इमारत कुठे गेली हे कोणी विचारत नाही. करारात एक कलम घाला. पाडकामाचा आराखडा सभेपुढे ठेवावा, प्रत्येक गाडीची पावती समितीला द्यावी. विकासकाला हे अवघड नाही, त्याला फक्त कोणी विचारलेलं नसतं.

पुढचा प्रश्न नेहमी येतो. केंद्रावर नेऊन त्याचं होतं काय? की तिथूनच मागच्या दारानं नाल्यात? प्रकल्पावर गाडी वजनकाट्यावरून आत जाते. लाकूड, चिंध्या, प्लास्टिक माणसं हातानं वेचतात, लोखंड चुंबक ओढून घेतो. उरलेला माल जबड्यासारख्या क्रशरमध्ये भरडला जातो आणि चाळण्यांवरून खडी, कच आणि वाळू अशा जाडीनुसार वेगळा होतो. काही ठिकाणी तो धुतलाही जातो. त्यापासून पेव्हर ब्लॉक, रस्त्याच्या कडेचे कर्ब, भिंतीचे ठोकळे होतात, किंवा तो रस्त्याच्या खालच्या थरात जातो. दिल्लीत बुराडीला २००९ पासून हे काम चालू आहे. नोएडातले दोन उंच मनोरे २८ ऑगस्ट २०२२ ला स्फोटानं काही सेकंदांत कोसळले, ते सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलं. त्यानंतर मागे उरलेला सुमारे ८० हजार टनांचा ढीग हलवायला महिने लागले, ते कोणी पाहिलं नाही. त्यातला काही माल त्याच जागेचं तळघर भरायला वापरला, काही शहरातल्या प्रक्रिया प्रकल्पाकडे गेला.

मात्र केंद्रं उभारून भागत नाही, त्यांचा माल विकला जायला हवा. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेनं २०२० मध्ये म्हटलं होतं की देशात जेमतेम एक टक्का राडारोड्यावर प्रक्रिया होते. त्यात पालिकांची ढिलाई आहे, तशी आपली नाकं मुरडण्याची सवयही आहे. ‘मोडीतली खडी? माझ्या घराला?’ इथे भीती किती धरायची याला मोजमाप आहे. भारतीय मानक आयएस ३८३ नं २०१६ च्या आवृत्तीत जुन्या काँक्रीटच्या खडीला परवानगी दिली. सळईविना साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत, सळईच्या काँक्रीटमध्ये एम-२५ प्रतीपर्यंतच आणि तेही २० टक्क्यांपर्यंत, पायाखालच्या कमी ताकदीच्या थरात १०० टक्के. म्हणजे कॉलम आणि बीममध्ये गवंड्याच्या सांगण्यावरून ही खडी घालू नका, तिथे स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीशिवाय नाही. पण सोसायटीचं पार्किंग, पायवाट, बागेच्या कडा, कंपाउंडच्या भिंतीखालचं साधं काँक्रीट, जोत्याची भरणी, यांना हा माल उत्तम चालतो. पुढच्या वेळी पार्किंगमध्ये ब्लॉक बसवायचे असतील तर कोटेशन मागवताना एक ओळ वाढवा, ‘पुनर्वापराच्या खडीचे ब्लॉक असल्यास त्याचा दर वेगळा द्यावा.’ आल्यावर एक ब्लॉक फोडून बघा, दाबाच्या चाचणीचा दाखला मागा, जसा तुम्ही नव्याचाही मागायला हवा. इकडे आपण एक गोणी नदीत टाकायची आणि तिकडे तेवढ्याच खडीसाठी कुठल्या तरी गावाचा डोंगर सुरुंगानं फोडायचा, हा व्यवहार मला कधीच पटला नाही.

लहान गावांत, तालुक्याच्या ठिकाणी प्रकल्प नाहीत आणि लवकर होतील असं दिसत नाही. तिथे सगळ्यात सरळ उपाय म्हणजे आपला स्वच्छ माल आपल्याच जागेत जिरवणं. नव्या जोत्यात भर लागतेच. विटांचे रोडे आणि काँक्रीटचे तुकडे मुठीएवढे फोडून, मुरमाबरोबर थराथरानं घालून, पाणी मारून धुमस केली की भरणी पक्की होते. स्वतःला गरज नसेल तर शेजारीपाजारी विचारा. ‘येथे भर पाहिजे’ अशी पाटी गावाबाहेर कुठे ना कुठे लागलेली असतेच. तिथे माल देण्याआधी एकदा स्वतः जाऊन जागा बघा. ओढ्याचा काठ असेल, भातखाचर असेल, पावसाळ्यात पाणी साचणारं तळं असेल, तर पाटी कोणीही लावलेली असो, माल देऊ नका. आणि शेणकचरा, प्लास्टिक, पीओपी मिसळलेली भर कोणाच्याही जोत्यात ढकलू नका. वर घर उभं राहणार आहे.

ज्यांच्या घरात सध्या काहीच काम नाही, त्यांनाही एक काम सांगतो. बहुतेक सोसायट्या घरदुरुस्ती करणाऱ्याकडून अनामत रक्कम घेतात. लिफ्ट खराब झाली, जिना तुटला तर त्यातून कापायची. ही अनामत राडारोड्याची पावती दाखवल्यावरच परत द्यायची, असा ठराव करून घ्या. सोबत, मजुरांनी गोण्या कुठे ठेवायच्या याची एक जागा आखून द्या आणि वॉचमनला एक वही द्या, प्रत्येक गाडीचा नंबर, वेळ आणि गोण्यांची संख्या लिहायला. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हावी लागते आणि तिची सूचना चौदा दिवस आधी निघते. तेव्हा विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा असं पत्र ऑगस्ट संपायच्या आत सचिवांच्या हातात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर त्यांची सही घ्या.